कडेचे मळकट पक्षी

रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा एकेक पक्षी करून मोजत नाहीत. कडेचे शंभर पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि त्या मापाने उरलेला थवा मोजत जायचं. शेजारच्याने स्वतंत्र मोजायचं. दोघांच्या आकड्यांत फार अंतर पडलं तर पुन्हा दुर्बिणीला डोळा लावायचा. हे सगळं ओहोटी असेतो. ठाणे खाडीत पाणी चढू लागलं की चिखलावरचे पक्षी उठतात आणि नवी मुंबईच्या पाणथळींत जाऊन उभे राहतात. सकाळी खाडीत आणि दुपारी नेरूळला मोजलं, तर एकच पक्षी वहीत दोनदा बसतो. म्हणून आधी भरती-ओहोटीचं कोष्टक, मग दुर्बीण. कोळ्यांना तेही लागत नाही, ते तिथीवरून पाण्याची वेळ सांगतात.

आकडा हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पक्षी वाढले, म्हणजे खाडी सुधारली ना? २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली पाणथळींच्या रामसर यादीत नाव आलं, त्यामुळे ‘हो’ ऐकायला सगळे उत्सुक असतात. मी मात्र आधी चोचीकडे बोट दाखवतो. छोटा रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म नीलहरित शैवाल खातो. हे शैवाल पोसतं नत्र आणि स्फुरदावर, आणि खाडीत ही दोन्ही शहराच्या सांडपाण्यातून भरपूर उतरतात. थोडक्यात, आपली घाण म्हणजे त्यांचं ताट. घाण आणखी वाढली, पाण्यातला प्राणवायू संपला, की तेच ताट उलटूही शकतं. त्यामुळे मोठा थवा बघून मला आनंद होतो, पण त्यावर मी खाडीला पास करत नाही.

उजनी धरणाची गोष्ट आणखी वेगळी. भिगवणला मोठा रोहित येतो तो धरणाचं पाणी ओसरून उथळ काठ उघडा पडला की. पाऊसमान चांगलं झालं, पाणी उशिरापर्यंत तुंबून राहिलं, तर काठ बुडालेलेच राहतात आणि पक्षी कमी दिसतात. पक्ष्यांना काही झालेलं नसतं, ते दुसरीकडे चरत असतात. एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय तो बोलत नाही. म्हणून तर पायांत कड्या घालतात; बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ साली काही रोहितांना जीपीएस टॅगही लावले. त्यातले पक्षी गुजरातला गेल्याचं कळलं. तसा अंदाज होताच, पण आता वाट नकाशावर दिसते.

गुजरातचं नाव आलं की रण आलंच. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९४५ साली कच्छच्या मोठ्या रणात पाहिलेल्या विणीच्या वसाहतीत रोहितांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. तिथे चिखलाचं बुटकं घरटं, त्यात एकच अंडं. भोवती पाणी आहे तोवर ते सुरक्षित. पाणी लवकर आटलं की कोल्ह्या-कुत्र्यांना वाट मोकळी. म्हणजे रणातला पाऊस कसा झाला, त्याचा हिशेब मुंबईच्या चिखलावरही लागतो. कसा? तर पिल्लं राखाडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं सहज लागतात. थव्यात शंभरामागे राखाडी किती, हे मला एकूण आकड्यापेक्षा जास्त सांगतं. हजारो गुलाबी आणि राखाडी जवळपास नाहीच, असं दिसलं तर तो थवा म्हाताऱ्यांचा समजायचा. रोहित खूप जगतात; वीण थांबली तरी आकडा बरीच वर्षं भरलेला दिसतो.

आमच्या तक्त्यात राखाड्यांसाठी रकाना नाही, मी समासात लिहितो. फोटोवाल्यांना तर ते नकोच असतात. रविवारी बोटीतून फिरून आलेले लोक हौसेने मोबाइल पुढे करतात, भडक गुलाबी पंख, मागे खाडीचा पूल. मी म्हणतो, छान आहे, पण कडेचे मळकट पक्षी आलेला एखादा असेल तर तो पाठवा.