रकाना : स्थानिक नाव

वसईच्या माणसाला बाहेरगावी कुणी गावाविषयी विचारले, की किल्ला, केळी आणि विरार लोकल या तीन विषयांवर तो तासभर सहज बोलतो. चौथा विषय निघतच नाही. मला आज त्या चौथ्याविषयी, म्हणजे बावखलाविषयी लिहायचे आहे. गाडीने येऊन गाडीनेच परत जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनी ते पाहिले नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचे गोड्या पाण्याचे डबके. (डबके म्हटलेले आमच्या आजीला खपत नाही. तळे म्हणू या.) पूर्वी घराचे जोते उंच करायला आणि वाडीत भर घालायला माती खणली, तिथे खड्डा राहिला आणि तो पावसाने भरला. काठावर रहाट बसला, बैल फिरू लागला, आणि पाटाचे पाणी केळीच्या नि पानवेलीच्या मुळाशी पोहोचले. पुढे रहाट जाऊन पंप आले. आता बावखलेच जाऊ लागली आहेत.

यात हळहळण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. भूगोलाच्या सरांनी एकदा फळ्यावर आकृती काढून दाखवली होती. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असली, तर तत्त्वतः खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत खारे पाणी दूर राहते. वरचा एक फूट गेला की खालचे चाळीस फूट गेले. हा हिशेब मला परीक्षेपुरता पाठ होता. आमच्या बावखलाशी त्याचा संबंध आहे हे पुष्कळ उशिरा डोक्यात शिरले. पावसाचे पाणी मुरवून विहिरी गोड ठेवायचे काम हे खड्डे निमूटपणे करीत आले आहेत. विहिरींचे पाणी उपसून टँकर भरले जाऊ लागले तेव्हा वसईतले शेतकरी रस्त्यावर उतरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने दिलेला लढा आपल्या आईवडिलांना आठवत असेल. फादर २०२४ मध्ये गेले. आणि जुलै २०१८ चा पूर तर आपण सर्वांनीच पाहिला. पाण्याने आपली जुनी जागा शोधली, तिथे इमारत सापडली.

असो. मूळ गोष्ट वेगळीच आहे. प्रकल्पासाठी विषय शोधताना मला इंटरनेटवर ‘वोकॅट’ नावाचे भांडार सापडले. पूर्ण नाव इतके लांब की ‘वर्ल्ड ओव्हरव्ह्यू ऑफ कॉन्झर्व्हेशन अ‍ॅप्रोचेस अँड टेक्नॉलॉजीज’ म्हणेपर्यंत दम लागतो. १९९२ पासून जगभरच्या माती आणि पाणी राखण्याच्या पद्धती तिथे एकाच नमुन्यात नोंदवल्या जातात. केनियातला बांध, नेपाळातली पायऱ्यांची शेती, सगळे एका ओळीत. चाळता चाळता भारताच्या यादीत एक नाव दिसले: ‘डोह’. मध्य प्रदेशात पावसाळी नाल्याच्या पात्रात आयताकृती खड्डे खणून पाणी अडवतात, त्याने जवळच्या विहिरी भरतात, ही ती पद्धत. हजारो इंग्रजी शब्दांच्या गर्दीत आपल्या घरातलाच शब्द उभा पाहून, परक्या स्टेशनावर कुणी मराठीतून हाक मारावी तसे झाले. डोहाला तिथे जागा आहे, तर बावखलाला का नसावी?

आपल्याकडेही मोजणी झाली आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलस्रोतांच्या पहिल्या गणनेत देशभरात २४,२४,५४० जलस्रोत नोंदले गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक खाजगी मालकीचे निघाले. पण गणनेचे ठळक प्रकार पाच: तळी, टाकी, सरोवरे, जलाशय आणि जलसंधारणाची कामे. त्यात बावखल शिरले तरी ‘तळे’ होऊनच शिरणार. ते का खणले, रहाट कसा चालला, पाणी कुणाच्या पाळीचे, हे सारे दारातच गळून पडते.

म्हणून मी वोकॅटची प्रश्नावली भरायला घेतली. पहिल्याच पानावर ‘स्थानिक नाव’ असा रकाना होता. तो मी मोठ्या ऐटीत भरला. पुढचे रकाने मात्र मला एकटीला भरता येईनात. जमीन कुणाची? पाण्यावर हक्क कुणाचा? बांधणीला किती मजूर लागले? प्रश्नावली घेऊन मी ओटीवर गेले.

आमचे बावखल सामाईक आहे: आमचे, काकांचे आणि शेजारच्या दोन घरांचे. काकांच्या मनात ते बुजवून खोल्या बांधायच्या आहेत, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. त्या प्रश्नावलीत एक चांगली सोय आहे. फायदे-तोटे विचारताना जमीन कसणाऱ्याचे मत एका जागी आणि नोंद करणाऱ्याचे मत दुसऱ्या जागी लिहायचे असते. मी काकांना म्हटले, “तोटे तुम्ही सांगा.” ते सांगत गेले, मी लिहीत गेले. डास होतात. लहान मुलांची धास्ती. दरवर्षी गाळ. चार घरांचे पाणी असले तरी गाळ काढायला दोनच घरे येतात. त्या जागेचा एक पैसा मिळत नाही, आणि बाजूच्या जागेचा भाव मात्र रोज कानांवर येतो. “लिहिलंस ना सगळं?” त्यांनी दोनदा विचारले. त्यांचे म्हणणे कुणी असे शब्दशः उतरवून घेतलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

निसर्गरक्षणावरचे आपले लेख, आपल्या या वार्षिकातलेसुद्धा, बावखल बुजवणाऱ्याला सरळ खलनायक करतात. मला ते पटत नाही. पाणी मुरते चार घरांच्या कुंपणात आणि विहिरी गोड राहतात सबंध आळीच्या. खर्च मात्र त्या चौघांचा. ही गोष्ट ज्या नोंदीत नाही ती वाचून दूरच्या कुणाला काय शिकता येणार? फायद्यांच्या जागी आजीचे म्हणणे घातले: “उन्हाळ्यात आपल्या विहिरीचं पाणी कधी मचूळ झालं का?” बाबांनी चष्मा काढून नकाशा पाहिला आणि ठिपका नेमका आमच्या बावखलावर ठेवू नकोस, गावाच्या मध्यावर ठेव, असे सुचवले. जागा हेरत फिरणारे दलालही नकाशे पाहतात, हे त्यांचे कारण. मला ते रास्त वाटले.

नोंद अजून पाठवलेली नाही. पाठवल्यावर ती तपासली जाईल आणि मगच प्रसिद्ध होईल. वार्षिक देखभालीच्या खर्चाचा रकाना तेवढा कोरा आहे. मे महिन्यात गाळ निघेल तेव्हा किती माणसे, किती दिवस लागली ते लिहायचे आहे. त्यासाठी काकांनी एक शंभर पानी वही आणून ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर चारही घरांची नावे घातली आहेत.