संत्रं कुठलं?

सबंध संत्रं सालीसकट उकडायचं, वाटायचं आणि त्याचा केक करायचा, ही पाककृती आज इंटरनेटवर असंख्य ठिकाणी सापडते. तिचं मूळ शोधत गेलं तर बहुतेक वाटा क्लॉडिया रोडेन यांच्या मध्यपूर्वेतल्या पदार्थांवरच्या १९६८ सालच्या इंग्रजी पुस्तकापाशी येऊन थांबतात. रोडेन कैरोच्या ज्यू कुटुंबातल्या, आणि हा केक सेफार्दी ज्यूंच्या स्वयंपाकघरातला. साहित्य मोजकं: दोन संत्री, सहा अंडी, पाव किलो साखर, पाव किलो बदामाची पूड, चमचाभर बेकिंग पावडर. मैदा नाही की लोणी नाही. वाचताना वाटतं, यात चुकण्यासारखं आहेच काय?

फक्त एक गोष्ट त्यात लिहिलेली नसते. संत्रं कुठलं?

आमच्या आयांच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, आणि त्यात वाटी म्हटलं की लिहिणारीची नि वाचणारीची वाटी बहुधा एकाच मापाची निघायची. फळं, भाज्याही साधारण सारख्याच बाजारातल्या. इंटरनेटवरची पाककृती कुठून निघाली आणि कुणाच्या ओट्यावर उतरली, याचा पत्ताच नसतो. कप म्हणजे २४० मिलिलिटर, ओव्हनचे ३५० अंश फॅरनहाइटचे म्हणजे आपले साधारण १७७, हे हिशेब एकदा करून भिंतीवर चिकटवता येतात. फळाचा हिशेब असा भिंतीवर चिकटत नाही.

गार्डन रीचला हिवाळ्यात हा प्रश्न रोज समोर येतो. खिदिरपूरच्या बाजारात संत्र्यांचे दोन ढीग लागतात. एक दार्जिलिंगच्या डोंगरातलं, ज्याला बंगाली माणूस मायेनं कमलालेबू म्हणतो. दुसरं नागपूरचं. वनस्पतिशास्त्र दोघांना एकाच जातीत बसवतं, पण इथल्या जिभांना ते मान्य नाही. दार्जिलिंगच्या ढिगाजवळ बंगाली गिऱ्हाईक फळ नाकाशी धरून उभं असतं. नागपूरच्या ढिगाजवळ मी.

नागपूरचं संत्रं इथे परकं म्हणावं, तर तसं नाही. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली कोलकात्याला आले आणि त्यांनी मटियाबुर्जला आपली छोटी लखनौ वसवली. ते वारले १८८७ साली, आणि त्याच वर्षी बेंगॉल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. पुढे तिचं मुख्यालय याच नदीकाठी आलं. स्वातंत्र्यानंतर तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, तरी वस्तीतले जुने लोक अजून ‘बीएनआर’च म्हणतात. मी नागपूर विभागात नोकरीला लागले तेव्हा आमचं मुख्यालय गार्डन रीच हेच होतं. बदलीवर इकडे आले ती त्याच धाग्यानं. २००३ साली नागपूर विभाग नव्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला आणि धागा तुटला. नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून मी राहिले. तरी डिसेंबरात वरूडकडून भावाची पेटी येते. पेटी उघडली की समोरच्या बौदी म्हणतात, “तुम्ही नागपूरकर! आधी बर्गी पाठवले, आता संत्री पाठवता.” रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांना पावणेतीनशे वर्षं झाली, पण बंगाली अंगाईत बर्गी अजून येतात. मी त्यांच्या हातावर दोन संत्री ठेवते. तेवढीच चौथाईची परतफेड.

या पेटीतल्या फळांवर कैरोची पाककृती चालवायची, तर पहिला अडसर वजनाचा. तिकडचं मोठं संत्रं दोनशे ग्रॅमच्या पुढे जातं, माझ्या भावाचं सव्वाशेच्या आसपास. म्हणून ‘दोन’ हा आकडा सोडून मी ३७५ ग्रॅम धरते, म्हणजे आमची तीन फळं. दुसरा अडसर मोठा, तो कडूपणाचा. सबंध नागपुरी संत्रं दोन तास उकडून वाटलं, तर केक खाताना आधी छान लागतो आणि मागाहून घशाशी कडू चव रेंगाळते. परदेशी प्रतिक्रिया याला मार्मालेडसारखी लज्जत म्हणतात. आमच्या घरात तिला औषध म्हणतात.

इंटरनेटवर यावर उपाय अनेक होते: साखर वाढवा, मध घाला, वरून चॉकलेट ओता. कडूपणा येतो कुठून, ते फोनवर भावानं सांगितलं. “ताई, बीसकट पिळला का रस कडू होते. ज्यूसवाला म्हनते ना, लगेच पेऊन घ्या, ते काहून? घंटाभर ठेव अन् मंग पाय.”

शास्त्रही तेच सांगतं, जरा लांबण लावून. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक बिनचवीचं द्रव्य असतं. फळ शाबूत असतं तोवर ते निमूट असतं. पेशी फुटून त्याची आंबट रसाशी गाठ पडली की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. उष्णता मिळाली की हे झपाट्यानं घडतं. हा गुण एकट्या नागपुरी संत्र्याचा नाही. नेव्हल जातीचा रसही ठेवला की कडवटतो. पण नेव्हलमध्ये बिया नसतात. आमच्या एकेका फळात सहा-सात असतात. त्या पोटात ठेवून फळ दोन तास उकडायचं आणि मग बिया वेचायच्या, म्हणजे काढा होऊ द्यायचा आणि चोथा तेवढा टाकायचा.

तेव्हा मी क्रमच उलटा केला. फळं कच्चीच सोलायची. फोडींचा पापुद्रा आणि बिया काढून गर बाजूला ठेवायचा, तो उकडायचा नाही. उकडायची ती फक्त साल, तीही दोनच फळांची. पाणी दोनदा फेकायचं, तिसऱ्या पाण्यात साल बोटानं चेपेपर्यंत मऊ करायची. मग साल आणि साखर एकत्र वाटून त्यात गर मिसळायचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हलक्या हातानं निघते; एरवी त्या सैलपणामुळे ते प्रवासात दबतं, इथे तोच कामाला येतो.

बदामाचा प्रश्न खिशाचा होता. पाव किलो बदाम हे केकमधल्या बाकी सगळ्या जिनसांहून महाग. मी निम्मे बदाम ठेवते, निम्म्याला बारीक रवा कोरडा भाजून घेते. बदामाचं तेल कमी पडतं, त्याची भरपाई चार चमचे तुपानं. रवा फुगायला मिश्रण वीस मिनिटं झाकून ठेवायचं. हे मूळ केकशी फटकून नाही. रोडेन यांच्या कैरोतच रव्याचा बसबुसा घरोघर होतो, आणि गोव्यात नाताळला रवा-नारळाचा केक, बात्क, असतोच. रव्याचा केक वाळूवर ठेवलेल्या, शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये भाजणाऱ्या बायका तर माझ्या माहेरच्या गल्लीत घराआड एक होत्या.

सगळीच अदलाबदल साधते असं नाही. कोलकात्यात हिवाळा म्हणजे नोलेन गूळ. त्याची गोडी इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण केकमध्ये साखरेच्या जागी तो आला की खजुरी धुराचा वास पुढे येतो आणि संत्रं मुकाट मागे बसतं. इथलं म्हणून ते घालायलाच हवं असा हट्ट कशाला? गूळ मी पाटीशाप्त्यासाठी ठेवते.

या खटाटोपाला बदल म्हणावं की तडजोड, याचं उत्तर मला आमच्या गल्लीतल्या ओस्तागर चाचांकडून मिळालं. मटियाबुर्ज हे शिंप्यांचं गाव. इथे मुख्य कारागिराला ओस्तागर म्हणतात. चाचांचा नातू मोबाइलवरून फ्रॉकचे नमुने काढून देतो, ते त्यावरून कापड बेततात. मी विचारलं, तसाच्या तसा नमुना शिवता का? ते म्हणाले, “दीदी, नमुना कागदाचा असतो, अंगावर कापड चढतं. कापड धुतल्यावर किती आटेल ते नमुन्यात नसतं.” आणि सुताच्या कापडाला त्यांनी अर्धा इंच जास्त सोडला.

या शहराचा केकही असाच बेतलेला आहे. नाताळच्या आधी न्यू मार्केटमध्ये नाहूमच्या दुकानापुढे रांग लागते. बगदादी ज्यूंचं हे दुकान १९०२ पासूनचं. शहरभरच्या बेकऱ्यांतल्या फ्रूट केकमध्ये विलायती फळांच्या जोडीला आणि पुष्कळदा त्यांच्या जागी कोहळ्याचा मुरब्बा असतो, कच्च्या पपईची टुटीफ्रुटी असते. कुणी त्याला नकली म्हणत नाही. तो कोलकात्याचा केक झाला, कारण कोहळा पाकात कसा वागतो ते इथल्या मुरब्बेवाल्यांना ठाऊक होतं.

इथवरची गोष्ट चवीची. पण ज्या कडूपणानं माझा केक अडवला, त्यानंच माझ्या भावाला अडवलं आहे. नागपुरी संत्रं हातानं सोलून खायचं फळ. बियांचं, आणि रस ठेवला की कडू होणारं. म्हणून रसाच्या कारखान्यांना ते सोयीचं नाही. संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं बिया कमी होत नाहीत. ताजं विकलं गेलं तर पैसे, नाही तर नाहीत. मोठ्या फळाला व्यापारी मिळतो. लहान फळाला, ज्याला तिकडे चुरी म्हणतात, पुष्कळदा तोडणीचा खर्चही निघत नाही. बांगलादेश हे मोठं गिऱ्हाईक होतं. त्या देशानं आयात शुल्क वाढवत नेलं तसा आंबिया बहाराचा भाव पडत गेला. त्यात फळगळ, कोळशी, आणि खोडाला डिंक्या.

भावाची झाडं चारशे. वडिलांनी लावलेली. गेल्या वर्षी त्यानं फोन केला तो बगीचा काढायचा का हे विचारायला. विचारायला म्हणजे सांगायला. मी तेव्हा त्याला केकबद्दल बोलले, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. चुरीचा गर आणि साल दोन्ही कामाला येतात, डाग वरचा असेल तर आत फरक पडत नाही, असं मी बोलत राहिले. त्यानं शांतपणे हिशेब घातला. झाडाला पाचशे फळं धर, चारशे झाडांची दोन लाख. एका केकला तीन. “ताई, सहासष्ट हजारावर केक होते. कोन खाईन?”

आम्ही दोघंही हसलो, आणि मग दोघंही गप्प बसलो.

केकनं बाग वाचत नाही, हे मला त्याच्याआधी कळायला हवं होतं असं नाही. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डिंक्या लागलेली दोनशे वीस झाडं त्यानं पावसाळ्यापूर्वी काढली. एकशे ऐंशी ठेवली. त्या जागी सध्या सोयाबीन आहे. उरलेल्या झाडांची चुरी आता तो टाकत नाही. साली वाळवून वहिनी एका ओळखीच्या मिठाईवाल्याला देते, आणि आठवड्याला आठ-दहा केक तालुक्याच्या दोन दुकानांत जातात. यातून घर चालत नाही. तोडणीची मजुरी मात्र निघते, आणि फळ बांधावर सडत नाही. माझ्या भावाच्या लेखी ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. झाडाखाली फळांचा चिखल झालेला वडिलांना पाहवत नसे.

पाककृती लिहून द्या, असा वहिनीचा आग्रह होता. मी लिहिली. मापं ग्रॅममध्ये दिली, भट्टी १७० अंशांवर. तिच्याकडे कोलकात्याचा दमट हिवाळा नाही, म्हणून रव्यात दोन चमचे दूध जास्त सांगितलं. शेवटी एक ओळ घातली: मृग बहाराचं फळ असेल तर आधी गर चाखून बघा, साखर त्यावर ठरवा. आठ दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, तुमच्या कागदातली साखर मी पन्नास ग्रॅमनं उतरवली आहे, यंदाचं फळ गोड आहे. आणि सालीला तीनदा पाणी बदलायची गरज नाही, झाडावर पुरतं पिकलेलं असेल तर दोनदा पुरतं.

मी माझ्या वहीत ते लिहून घेतलं.