अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा माणूस

१८ जून २००२. मंगळवार. दक्षिण कोरिया विरुद्ध इटली, विश्वचषकाची बाद फेरी. सामना कोरियातल्या देजॉन शहरात, पण आमच्या घड्याळात संध्याकाळचे पाच. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे घरचंच कार्य. पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, हरल्यावर दोन दिवस न बोलणारी माणसं. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातल्या एकुलत्या मोठ्या टीव्हीसमोर वीस-पंचवीस जण दाटीवाटीने बसले होते. माझ्या शेजारी माझा दोस्त. डाव्या पायाचा, डाव्या विंगचा, आमच्या गल्लीतला सगळ्यांत वेगवान पोरगा.

सुरुवातीलाच आन जंग-ह्वानची पेनल्टी बुफॉनने अडवली. अठराव्या मिनिटाला व्हिएरीने हेडरने गोल केला. मग कोरिया धावत राहिला आणि इटली भिंत होऊन उभी राहिली. अब्बांनी दोनदा घड्याळ पाहिलं. लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला इटलीच्या पानुच्चीला चेंडू आवरला नाही, तो एका कोरियन खेळाडूसमोर पडला आणि त्याने डाव्या पायाने तो जाळ्यात मारला. माझा दोस्त ओरडला, "डावा पाय! बघितलास? डावा पाय!"

जादा वेळ सुरू झाला आणि मगरिबची अजान झाली. अब्बांनी हाताला धरून मशिदीत नेलं. परत आलो तेव्हा रस्त्यावर पोरं नाचत होती. ११७व्या मिनिटाला आनने गोल्डन गोल केला होता. जगाला तो गोल आठवतो. मला मात्र आधीचाच आठवतो, कारण मी तोच पाहिला. तो करणाऱ्याचं नाव सल की-ह्यन.

पुढे त्याच्याबद्दल वाचत गेलो. जन्म १९७९चा, गँगवॉन प्रांतातला. हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. वडील खाणीत काम करायचे. सल लहान असतानाच खाणीतल्या अपघातात ते गेले. मागे आई आणि चार मुलगे. आईने मिळेल ते काम करून घर चालवलं आणि या मुलाला खेळू दिलं. पण फक्त आईच्या जिद्दीवर हे झालं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. कोरियात शाळेचे संघ असतात, त्यानंतर विद्यापीठांचे संघ असतात. खेळणाऱ्या मुलाला एका पायरीवरून दुसरीवर नेणारी वाट असते. सल क्वांगउन विद्यापीठात खेळला आणि तिथून २००० साली कोरियाच्या फुटबॉल संघटनेने होतकरू खेळाडू युरोपात पाठवण्याच्या योजनेतून त्याला बेल्जियमच्या अँटवर्पला धाडलं.

अँटवर्पहून अँडरलेख्टला, तिथे २००४मध्ये लीगचं विजेतेपद. मग इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत वुल्व्हज. २००६मध्ये रेडिंग, जो क्लब तेव्हा पहिल्यांदाच प्रीमियर लीगमध्ये आला होता आणि त्या मोसमात आठवा आला. पुढच्या वर्षी फुलहॅम. तिथे बाकावर बसण्याचे दिवस आले. २००९मध्ये काही महिने रियाधच्या अल-हिलालकडून खेळला, मग मायदेशी परतला. पोहांग, उल्सान, इंचॉन. दरम्यान २००६च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध पार्क जी-संगने बरोबरीचा गोल केला, त्याची सुरुवातही सलच्याच उजवीकडून आलेल्या क्रॉसने झाली होती. पुन्हा तेच. गोल दुसऱ्याच्या नावावर.

२०१५मध्ये निवृत्त होऊन तो थेट एका विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. मोठं नाव, पण सुरुवात पोरांपासून. २०१९च्या अखेरीस ग्यॉन्गनाम क्लबने त्याला व्यवस्थापक नेमलं. संघ नुकताच दुसऱ्या श्रेणीत घसरलेला. पहिल्याच वर्षी त्याने संघाला वर जाण्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत नेलं. समोर सुवॉन एफसी. गुणतक्त्यात ते वरचे, म्हणून त्यांना बरोबरी पुरेशी होती. ग्यॉन्गनाम १-० पुढे होता. भरपाई वेळेत सुवॉनला पेनल्टी मिळाली. १-१. संपलं.

इटलीला ज्या क्षणी त्याने गाठलं होतं, जवळजवळ त्याच क्षणी नशिबाने त्याला गाठलं. मराठीत सल म्हणजे आत रुतून राहिलेलं दुखणं. त्या दिवसानंतर त्याचं नाव मला मराठीच वाटू लागलं. पुढेही दोनदा त्याचा संघ प्लेऑफपर्यंत गेला, वर गेला नाही. २०२३च्या मोसमानंतर त्याने क्लब सोडला. ज्याला आपण यशस्वी कारकीर्द म्हणतो तशी ही व्यवस्थापकाची कारकीर्द नाही. पण चार मोसम एक माणूस दरवर्षी तीच चढण नव्याने चढत होता, हे मला कमी वाटत नाही.

आता माझ्या दोस्ताविषयी. त्या सामन्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचे वडील वारले. फौंड्रीत कामाला होते. मोहल्ल्याने जे करायचं ते सगळं केलं. मय्यतीला गर्दी, तीन दिवस घरोघरून जेवण, चाळिसाव्यालाही माणसं आली. पण पोराच्या दहावीचं काय, त्याच्या खेळाचं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. तो गॅरेजवर जाऊ लागला. दोष कुणा एकाचा नव्हता. आपल्याकडे ती पायरीच नव्हती. आपण जकात काढतो, रमजानमध्ये शिधा वाटतो, त्याचं मोल आहेच. पण बाप गेलेल्या पोराला चार वर्षं शाळेत आणि मैदानावर टिकवणं, ही मदत महिन्या-महिन्याने, न चुकता करावी लागते. तिला गर्दी होत नाही.

मागच्या महिन्यात त्याच्याच गॅरेजात चहा पिताना मी त्याला सलची गोष्ट सांगितली. खाण, आई, चार भाऊ. तो पान्याला लागलेलं ग्रीस पुसत ऐकत होता. म्हणाला, "त्याच्या आईला चार पोरं होती. माझ्या अम्मीला तीन पोरींची लग्नं करायची होती." मला उत्तर सुचलं नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "शेजारच्या गल्लीतला तो रिक्षावाला गेला ना, त्याचा पोरगा चांगला खेळतो. उजव्या पायाचा आहे, पण चालेल. त्याची फी आणि बुटं मी बघतो. तू त्याच्या गणिताचं बघ."

दर शनिवारी तो पोरगा आता माझ्याकडे येतो. अजून अपूर्णांकांवरच अडलाय.