यंदाचं लेवीय

केडगाव, १ फेब्रुवारी

प्रिय आई,

सप्रेम सलाम.

तुझ्या डोळ्यांमुळे हे पत्र तुला दादाच वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते आहे. तेव्हा दादा, मधली एकही ओळ गाळू नकोस. शास्त्रातलं गाळलेलं वचन आईला लगेच कळतं, तसं हेही कळेल.

केडगावला पोचले. आपल्या नगरला खेटून आहे ते नव्हे. दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं. मुक्ति मिशनच्या आवारात झाडाखाली बसले आहे. या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि सुमारे अठरा वर्षं खपून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला कळेल असंच आणायचं, हा त्यांचा हट्ट. शेवटाला येता येता १९२१ मध्ये मनोरमा गेली, पोटची एकुलती मुलगी. तरी काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला. खिळे जुळवून छापला तोही इथल्याच बायकांनी.

मला राहून राहून वाटतं ते एवढंच, की भाषांतर करणाऱ्याला आवडीनिवडी नसतात. स्तोत्रं करते आणि नियमांनी भरलेलं लेवीयचं पुस्तक सोडून देते, असं बाईंना म्हणता आलं नाही. घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांचे नियमसुद्धा मराठीत आणावेच लागले.

आज नेमके तेच वाचले. रविवार, म्हणून पाच अध्याय, लेवीय बारा ते सोळा. तुझा हिशेब मोडलेला नाही: रोज तीन, रविवारी पाच, म्हणजे शास्त्राचे ११८९ अध्याय वर्षात होतात. पण एक कबूल करते. इतकी वर्षं मी वाचत होते ते तुझ्यासाठी. तोंडानं वचनं चालू असायची, लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे. आज एकटीनं वाचायला बसले आणि तिसऱ्या अध्यायात डोळा लागला. “हं, पुढं” म्हणणारं कोणी नव्हतं.

तुझी धाकटी

आझाद हिंद एक्स्प्रेस, ३ फेब्रुवारी

प्रिय आई,

सप्रेम सलाम.

रोज शास्त्र वाचून माणूस सुधारतो असं म्हणणाऱ्यानं मला काल दौंडला पाहायला हवं होतं. माझ्या खालच्या बर्थवर एक गृहस्थ पाय पसरून झोपलेले. मी अशी काही बोलले की अख्खा डबा उठून बसला. जागा मिळाली, आणि पिशवीतून पहिलं काय काढलं? पवित्र शास्त्र. गृहस्थांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बोलले काही नाहीत.

गाडी नगरला थांबली तेव्हा तुमचंही वाचन चालू असणार. घरापासून दोन मैलांवर बसून मी तुमचेच अध्याय वाचत होते, लेवीय सतरा ते एकोणीस. एकोणिसाव्यात येतं की पीक कापताना शेताच्या कडा साफ कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी राहू द्या. ‘सरवा’ म्हटल्यावर मला आपली आजी दिसली. बाजरी काढून झाली की सरवा वेचायला बायका यायच्या आणि आजी बांधावर बसून राहायची. राखणीला नव्हे, आजोबांनी त्यांना हाकलू नये म्हणून.

त्याच अध्यायात थोडं पुढं गेलं की आपल्याच माणसांवर मनात डूख धरू नका असं येतं. शेतावरून निघालेली गोष्ट माणसांवर येते, आणि मध्ये फार पानंही नाहीत. हा अध्याय मी दरवर्षी वाचला आहे, तुला मोठ्यानं वाचून दाखवला आहे. दरवर्षी तो मुकाट्यानं पुढं गेला. यंदा अडला, कारण यंदा शेताच्या विहिरीकडच्या तुकड्याचा वाद आहे आणि सहा महिने दादा आणि मी तुझ्यामार्फत बोलतो आहोत. निवडून वाचायचं असतं तर मी काल तेविसावं स्तोत्र काढलं असतं आणि छान झोपले असते.

मनमाड आलं तेव्हा त्या गृहस्थांना डब्यातली भाकरी-चटणी दिली. त्यांनी घेतली. पूर्वी असं भांडण मी चार दिवस उगाळत बसले असते. रोजच्या वाचनानं काय होतं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे: राग येतो तसाच येतो, मुक्काम थोडा कमी करतो.

आत्ता राजनांदगाव गेलं. १८९३ मध्ये नागपूरहून याच रस्त्यानं इथं येताना एका गोऱ्या सहप्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं ते धरलंच. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र त्या वाटेवर यायला आणखी पाच वर्षं लागली. मी आपली लक्ष्मीबाईंच्या चालीची.

तुझी धाकटी

श्रीरामपूर, ४ फेब्रुवारी

प्रिय आई,

सप्रेम सलाम.

हेही श्रीरामपूर आपलं उसाचं नव्हे, हुगळीकाठचं. नगर सोडून निघाले आणि केडगाव, श्रीरामपूर करत बसले, यावर दादा हसणार हे माहीत आहे.

मूळचे जोडे शिवणारे विल्यम कॅरी इथं १८०० मध्ये आले. मराठी त्यांना वैजनाथ पंडितांनी शिकवली. १८०५ मध्ये मत्तय आणि १८११ मध्ये सगळा नवा करार मराठीत इथून छापून निघाला. पुढच्याच मार्चमध्ये छापखाना जळाला, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं गेली. माणूस पुन्हा पहिल्या पानापासून बसला. १८३४ मध्ये गेला, तोही इथंच. कबर पाहून आले.

संध्याकाळी घाटावर आजचे तीन अध्याय वाचले. पंचविसावा योबेलचा. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराकडे परत. कायमची विकायची नाहीच, कारण ती देवाची. माणसं तिथं बिऱ्हाडकरू. वाचून झालं आणि बराच वेळ पैलतीरावरचे बराकपूरचे दिवे बघत बसले.

दादा, हे मोठ्यानं वाच. तुकड्यावरचा माझा हक्क मी सोडला, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर ते खोटं होईल आणि आईला कळेल. पण मी आल्यावर वकिलाकडे जायच्या आधी आपण दोघं एकदा शेतावर जाऊ. आजी बसायची त्या बांधावर बसू. तिथं भांडता आलं तर भांडू.

आई, उद्या लेवीय संपतं आणि गणना लागतं. पहिल्याच अध्यायात शिरगणती, नावांवर नावं. दादानं एक जरी नाव गाळलं तरी मला कळव.

तुझी धाकटी