दोन चमचे शीरखुर्मा

माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना त्याच्या लंगोटात पहिल्यांदा रक्त दिसले. शौचाला आव होती आणि तिच्यात लाल रेषा. ताप नव्हता, बाळ अंगावर पीत होते, हसतही होते. जवळच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून औषध दिले. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठ-मिरच्या उतरवल्या. "बच्चे कू नजर लगी," म्हणाल्या आणि ताईत आणला. मी उर्दू शाळेतली शिक्षिका, बी.एड. झालेली, मुलांना विज्ञान शिकवणारी. तरीही तो ताईत मी मुकाट्याने बाळाच्या दंडाला बांधला. मला भीती वाटत होती, हेच खरे.

तिकडे माझे बाळंतपणाचे खाणे जोरात चालू होते. सकाळी हरिरा, दुपारी खीर, रात्री पेलाभर दूध. "तू दूध पिएगी तो बच्चे कू दूध मिलेगा," हा अम्मींचा साधा हिशेब होता. त्या स्वतः चुलीपाशी उभ्या राहून दूध आटवत.

तिसऱ्या महिन्यात आम्ही शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी बाळाला तपासले आणि मग मलाच विचारले, "तुम्ही दिवसभरात काय काय खाता?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग त्यांनी समजावले. आई जे दूध पिते त्यातली प्रथिने थोड्या प्रमाणात तिच्या दुधातून बाळापर्यंत पोचतात. काही बाळांच्या आतड्याला ती सोसत नाहीत. खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, ती ॲलर्जी वेगळी. ही उशिरा बोलते, कधी काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी. म्हणून कारण आणि परिणाम यांची गाठ पडत नाही.

ह्यांनी विचारले, "रक्ताची तपासणी करून टाकू का?" बाई म्हणाल्या, "लगेच उठणाऱ्या ॲलर्जीत त्वचेची किंवा रक्तातल्या आयजीईची चाचणी कामाला येते. या प्रकारात ती बहुधा काहीच दाखवत नाही. आयजीजीच्या नावाने पदार्थांच्या लांबलचक याद्या देणाऱ्या महागड्या चाचण्या असतात, त्यांनी ॲलर्जीचे निदान होत नाही. खरी चाचणी तुमच्या स्वयंपाकघरात. दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद करा. बाळ बरे झाले, की पुन्हा सुरू करून पाहा."

बी.एड.ला आम्हाला कृतिसंशोधन होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची. तेव्हा ते गुणांपुरते केले होते. आता मी शंभर पानी वही घेतली. डाव्या पानावर माझे खाणे, उजव्या पानावर बाळाचे शौच, झोप, रडणे. चहा कोरा झाला. बिस्किटाचा पुडा उलटून वाचायची सवय लागली. 2020 च्या लेबलविषयक नियमांमुळे दुधाचा उल्लेख पुड्यावर करावाच लागतो, हे तेव्हा कळले.

दुसऱ्या आठवड्यात रक्त थांबले. पुन्हा दूध पिऊन पाहायला माझे मन तयार होईना. बाई म्हणाल्या, "ते केले नाही तर उगाच वर्षभर पथ्य कराल." मी प्यायले. तिसऱ्या दिवशी उजव्या पानावर लाल शाईने लिहावे लागले.

त्या रात्री मी खूप रडले. माझ्याच दुधातून मी त्याला त्रास दिला, असे वाटत राहिले. नातेवाईक म्हणत होते, अंगावरचे तोडा, डब्याचे द्या. पण डब्यातली नेहमीची भुकटीही गाईच्याच दुधाची. कुणी शेळीचे सुचवले. तिची आणि म्हशीची प्रथिनेही बरीचशी तशीच. बाईंनी अंगावरचे तोडू दिले नाही. मला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, नाचणी, तीळ आणि काट्यांसकट खायची बारीक मासळी सांगितली. एक ताकीदही दिली. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही तासांत मूल सारखे ओकू लागले आणि पांढरे पडून मलूल झाले, किंवा त्याला धाप लागली, तर वही उघडत बसायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा.

बाळ आठ महिन्यांचे असताना ईद आली. घर शीरखुर्म्याच्या वासाने भरले होते. मी एक थेंबही घेतला नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी लंगोटात पुन्हा रक्त. मी वही घेऊन बसले. तीन दिवसांची डावी पाने पुन्हा पुन्हा वाचली, काहीच सापडेना. अम्मी दारात उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मैंने दो चम्मच चटाई थी. ईद थी, बेटा."

माझ्या तोंडावर कठोर शब्द आले होते. पण त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी सहा मुले वाढवली होती, ती याच दुधावर. दूध घातक असू शकते, हे मी त्यांना फक्त सांगितले होते, दाखवले नव्हते. वर्गात मी असे कधी करत नाही. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि दोघींनी मिळून पाने चाळली. मराठी त्यांना वाचता येत नाही, पण लाल शाई दिसत होती. त्या म्हणाल्या, "अब मैं भी लिखूँगी." त्या दिवसापासून बाळाला त्या जे भरवत ते उर्दूत लिहू लागल्या. वही दोन लिप्यांची झाली.

पहिल्या वाढदिवसानंतर बाईंच्या देखरेखीखाली आम्ही पुन्हा सुरुवात केली. आधी दूध घालून भाजलेल्या बिस्किटाचा तुकडा, मग हळूहळू दही, शेवटी दूध. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी लहानपणीच जाते, असे त्या म्हणाल्या होत्या. आमच्या मुलाचीही गेली.

पुढच्या ईदला अम्मींनी त्याला मांडीवर घेऊन दोन चमचे शीरखुर्मा भरवला. मग वही मागून घेतली, तारीख घातली आणि तीन दिवसांची जागा कोरी सोडली. चौथ्या दिवशी त्यांनी तिथे लिहिले, "अल्हम्दुलिल्लाह."