काला पत्थरावरून

आमचे उमरेड सपाट मुलखातले. लहानपणी आम्हां मुलांना ठाऊक असलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीदगडांचा ढीग. तोही आम्ही दुरूनच पाहिलेला. अशा गावात वाढलेल्या माणसाने हिमालयातील काला पत्थर चढावयास निघावे, हे जरासे धाडसच होते.

काला पत्थर हे नेपाळच्या खुंबू प्रदेशातील, सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीचे खडकाळ शिखर. ७,१६१ मीटर उंचीच्या पुमोरी पर्वताच्या पायथ्याशी ते उभे आहे. खालच्या गोरखशेप या वस्तीतून आम्ही पहाटे चार वाजता निघालो. थंडी अशी, की बाटलीतले पाणी गोठून गेले होते. पुढे आमचा शेर्पा वाटाड्या आणि मागे मी.

त्याची संथ चाल मला सोसवेना. त्याला मागे टाकून मी झपाझप पुढे गेलो. शंभर पावलेही झाली नसतील, तोच छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढ्या उंचीवर समुद्रसपाटीच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो, हे मी पुस्तकात वाचले होते. शरीराला ते त्या क्षणी उमगले.

वाटाड्याने मला एका खडकावर बसविले. “डोके दुखते का? मळमळते का? तसे असेल तर येथूनच परत फिरू. शिखर कोठे पळून जात नाही,” तो म्हणाला.

डोके ठीक होते. अभिमान मात्र चांगलाच दुखावला होता. “बिस्तारै, बिस्तारै,” असे म्हणत तो पुन्हा पुढे झाला. नेपाळीत याचा अर्थ ‘सावकाश’. आता मी त्याच्या पावलावर पाऊल टाकू लागलो. पंधरा पावले चालावे आणि थांबून श्वास घ्यावा. शेवटी तर काळ्याभोर शिळांची नुसती रास होती. हातापायांनी चाचपडतच ती चढावी लागली.

माथ्यावर पताका फडफडत होत्या. समोर नुप्त्से शिखर जवळ असल्यामुळे एव्हरेस्टहूनही उंच भासत होते. त्याच्या आडून एव्हरेस्टचा काळसर माथा डोकावत होता. थोड्याच वेळात त्याच्या मागून सूर्य वर आला आणि खाली खुंबू हिमनदी उजळली.

पण हे काय? हिमनदी शुभ्र असेल, अशी माझी कल्पना. आणि ही तर मातीदगडांनी झाकलेली! बर्फाने डोंगर खरवडून वाहून आणलेले ते ढिगारे पाहताच मला आमच्या खाणीची आठवण झाली.

ती आठवण अगदीच अस्थानी नव्हती. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपल्या विदर्भाची भूमीही बर्फाखाली होती. चंद्रपूरजवळच्या इरई येथील चुनखडकावर त्या बर्फाने ओढलेले ओरखडे आढळले आहेत. उमरेडच्या कोळशाखाली जे तालचीर नावाचे खडक आहेत, ते त्याच हिमयुगाचा गाळ होत. बर्फ वितळला, त्या जागी अरण्ये वाढली आणि गाडली गेलेली ती अरण्येच पुढे कोळसा झाली.

तो कोळसा आपण जाळतो. त्याच्या विजेवर माझ्या घरातील दिवा लागला आणि त्या दिव्याखाली मी हिमालयाची वर्णने वाचली. परंतु त्याच्या धुरातील वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढते आणि समोरची ही हिमनदी वर्षानुवर्षे पातळ होत चालली आहे. माझ्या गावाचे आणि या बर्फाचे नाते असे गुंतलेले आहे, हे तेथे बसल्यावर मला कळले. कोणाला दोष द्यावा, हे मात्र कळेना. त्या दिव्याचा उजेड तर मीही घेतला होता.

उतरताना मी वाटाड्याच्या मागेच राहिलो. घाई करणाऱ्याला पर्वत लगेच थांबवितो. आपण माणसांनी चालविलेल्या घाईला कोण थांबविणार, हा प्रश्न मी तेथून बरोबर घेऊन आलो. संध्याकाळी घरातील दिवा लावताना तो मला अजूनही आठवतो आणि नको असलेला दुसरा दिवा मी मालवून टाकतो.