बरं झालं, तिकीट मिळालं नाही

‘बरं झालं बाई, तुमचं तिकीट कन्फर्म झालं नाही!’ गेल्या वर्षी ३० एप्रिलला सकाळपासून रात्रीपर्यंत हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी फोन उचलणंच सोडलं. बार्शीची नणंद, पुण्याचे दीर, ऑफिसातल्या मैत्रिणी, खालचा किराणावाला. सगळ्यांनी मायेनंच म्हटलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्ष होत आलं तरी ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

आम्हाला विशाखापट्टणमला जायचं होतं. सोलापूरच्या माणसाला समुद्र म्हटलं की कोकण नाहीतर गोवा आठवतो. पण कोणार्क एक्स्प्रेस रात्री सोलापूरला येते, बर्थवर आडवं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विशाखापट्टणमला उतरायचं. घाट नाही, मध्ये गाडी बदलणं नाही. सासूबाईंचे गुडघे आणि लेकाच्या एसटीतल्या उलट्या दोन्ही सांभाळायचं तर याहून चांगली सोय नव्हती. लेकाला तिथली पाणबुडी बघायची होती. आयएनएस कुरसुरा १९६९ साली नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी किनाऱ्यावर आणून लोकांना बघायला खुली केली. आत शिरून खलाशांच्या झोपायच्या फळ्यांपासून टॉर्पेडोंपर्यंत सगळं बघता येतं. यांना अरकूच्या घाटातून जाणारी बोगद्यांची रेल्वे आणि बोर्रा गुहा. मला फक्त चार दिवस सोलापूरच्या उन्हातून बाहेर पडायचं होतं. तिकडे दमट हवेनं घाम फुटतो, हे मला माहीत होतं. पण आमचं त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं कोरडं ऊन आणि समुद्रावरचा घाम यात निवड करायची तर मी घाम निवडीन.

सासूबाईंना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नरसिंह. आम्ही राहतो कन्ना चौकाच्या बाजूला, शेजार सगळा तेलुगू पद्मशाली. समोरच्या अक्का भावाच्या कुटुंबाबरोबर एकदा सिंहाचलमला जाऊन आलेल्या. विशाखापट्टणमजवळच्या डोंगरावरचं हे वराह-नरसिंहाचं देऊळ. कृष्णदेवराय १५१६ साली तिथे येऊन गेल्याचा शिलालेख आहे. वर्षभर ती मूर्ती चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते, बघणाऱ्याला पिंडीसारखा आकार तेवढा दिसतो. अक्षय्य तृतीयेला एकच दिवस लेप उतरवतात आणि देवाचं खरं रूप दिसतं. अक्कांनी हे सांगितलं त्या संध्याकाळपासून सासूबाईंनी धरून ठेवलं, ‘एकदा आपल्या देवाला तसं बघायचंय.’

त्यांची समजूत घालून आम्ही तारीख काढली ती मात्र १६ एप्रिलची. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, तोवर थांबलो तर गर्दीत मरू, असं मीच म्हणाले होते. हे शब्द पुढे मला फार छळणार होते. दरवर्षी परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपायच्या, तो हिशेब. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस दिवस मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून निम्मे झाले. फेब्रुवारीत सकाळी आठच्या ठोक्याला बसून यांनी थर्ड एसीची चार तिकिटं काढली. चारही कन्फर्म. सासूबाईंचंही पूर्ण भाड्यानं, कारण ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच.

आणि मार्चमध्ये सरकारी पत्रक आलं. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा सगळ्या राज्यात ८ ते २५ एप्रिल.

मला इथे थोडं थांबू द्या, कारण खरी आग इथली आहे. त्यामागचं म्हणणं मला समजतं. परीक्षा लवकर उरकली की पोरं शाळेत येत नाहीत आणि शिकवायचे दिवस वाया जातात, हे खरं आहे. पण मग ते जूनमध्ये सांगा! शाळा सुरू होताना वेळापत्रकाचा कागद हातात द्या, आम्ही निमूटपणे मे महिन्यातलं तिकीट काढू. मार्चमध्ये सांगायचं, तेव्हा हजारो घरांतली गावी जायची, लग्नांची, मुंजींची तिकिटं निघून गेलेली असतात. आणि वेळ कुठली, तर उन्हामुळे शाळा सकाळच्या केलेल्या, पोरं साडेअकराला डोक्यावर रुमाल टाकून घरी येतायत. अशा दिवसांत पंचवीस तारखेपर्यंत पेपर.

मी शाळेत गेले. लेक पाचवीत. आता पाचवी-आठवीला पूर्वीसारखं आपोआप वर ढकलत नाहीत, पेपर द्यावाच लागतो, नापास झालं तर पुन्हा परीक्षा. वर्गशिक्षिकेला म्हटलं, ‘मॅडम, याचे पेपर आधी घेता येतील का?’ त्यांनी पेन खाली ठेवलं, ड्रॉवर उघडला आणि आतून स्वतःच्या तिकिटाचा छापील कागद काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. भावाच्या मुलीच्या लग्नाचं, १९ एप्रिलचं नागपूरचं तिकीट. ‘ताई, मी कुणाकडे जाऊ?’ एवढंच म्हणाल्या. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. शेवटी आम्ही दोघी त्यांच्या भाचीच्या लग्नाबद्दलच बोलत बसलो. त्या लग्नाला जाऊ शकल्या नाहीत, हे नंतर कळलं. सहलीचं काय, पुढच्या वर्षी होते. भाचीचं, पुतणीचं लग्न पुन्हा होत नाही. त्या बाईंच्या त्या दिवसाचा जाब कुणी द्यायचा?

तिकिटं रद्द केली. माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी कापला, म्हणजे ७२०च्या वर गेले. नवी काढली २६ एप्रिलची, म्हणजे परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची. आली वेटिंगवर. सासूबाई मात्र खुलल्या. सगळं हुकलं तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. आता अक्षय्य तृतीयेला आपण तिथेच!

वेटिंगचं एक गणित सांगते, कारण आपल्याकडे भल्याभल्यांना ते ठाऊक नसतं. गाडी मुंबईहून सुटते, भुवनेश्वरला जाते. आपण मध्ये चढणार, मध्ये उतरणार. अशा मधल्या स्टेशनांच्या वाट्याला थोड्या जागा येतात आणि आपलं वेटिंग बहुतेक पूल्ड कोट्यातलं निघतं. तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल लिहिलेलं असतं. मुंबईहून निघणाऱ्या माणसाचं साधं वेटिंग भराभर सरकतं, आपलं जागचं हलत नाही. आकडा लहान दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. ‘अकरा-बाराच तर आहे, होईल की!’ असं सांगणाऱ्याला विचारावं, कुठल्या यादीतला बारा?

आम्ही मात्र तयारी करत राहिलो. सोलापुरात गावाला जायचं म्हणजे आधी पाण्याचा दिवस बघावा लागतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी येईल याचा भरवसा नाही. मधला एक दिवस चुकला तर परतल्यावर हात धुवायची पंचाईत. अक्का म्हणाल्या, ‘किल्ली ठेवून जावा, बॅरल मी भरते.’ सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली. तिकडे भातच भात, आपल्या पोरांना काय जमायचं, असा त्यांचा घोर. भाकऱ्या मोडू नयेत म्हणून त्यांनी त्या जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून, वर वर्तमानपत्र, मग स्टीलच्या डब्यात उभ्या लावल्या, दोन-दोनच्या मध्ये कागदाची घडी घालून.

तत्काळचा प्रयत्न झाला, तो फसला. २६ तारखेला सकाळी मुंबईत चार्ट लागला, चौघंही वेटिंगवरच. ऑनलाइन तिकीट असं पूर्ण वेटिंगवर राहिलं की आपोआप रद्द होतं. लेक रडला. सासूबाई चार दिवस मुलाशी धड बोलल्या नाहीत. ‘चार महिने आधी विमानाचं बघायचं होतंस,’ एवढं एकदाच म्हणाल्या.

तीस तारखेला सकाळी अक्का दार न वाजवता आत आल्या. त्यांच्याकडे तेलुगू बातम्या लागलेल्या. सिंहाचलमला मध्यरात्रीनंतर जोराचा पाऊस झाला होता. तीनशे रुपयांच्या दर्शनाच्या रांगेजवळची, नुकतीच बांधलेली भिंत रांगेतल्या लोकांवर पडली. सात माणसं गेली. त्यात एक तरुण जोडपंही होतं. अक्का अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत सांगत होत्या आणि रडत होत्या. मग फोन सुरू झाले. बरं झालं. देवानंच अडवलं. परीक्षा पुढे गेली ती उगाच नाही. नरसिंहाला काळजी हो!

मला विचारायचं आहे, त्या सात जणांची काळजी नव्हती का? ती माणसं चैन करायला गेली नव्हती. रात्रभर जागून, पावसात भिजत, आमच्या सासूबाईंना जे बघायचं होतं तेच बघायला उभी होती. त्यांच्यातल्या कुणाचं तिकीट कन्फर्म झालं म्हणून, कुणाला सुट्टी मिळाली म्हणून घरात आनंद झाला असेल. आमचं वेटिंग देवानं अडवलं म्हणायचं, तर त्यांना कुणी पोचवलं? नवी भिंत पडते तेव्हा ती कुणी, किती दिवसांत, कशानं बांधली हे विचारायचं असतं. ‘देवानं वाचवलं’ म्हणून आपण नेमकं तेवढंच विचारायचं सोडून देतो.

सगळ्यांत शहाणपणाचं बोलल्या त्या सासूबाई. नणंदेच्या फोनवर त्यांनी सरळ सुनावलं, ‘काय गं वाचवलं? आम्ही फुकटच्या रांगेत उभं राहिलो असतो, तीनशेच्या कशाला? गेलो असतो तर बघून परत आलो असतो.’ हे ऐकून आमचे हे पलीकडच्या खोलीत गेले. कारण तीनशेच्याच रांगेत जायचं त्यांनी मनात धरलं होतं. आईला तासन्‌तास उभं राहणं जमलं नसतं.

आणि खोटं कशाला लिहू, त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली. वर एवढं सगळं लिहूनही सांगते, पुन्हा तसं झालं तर पुन्हा ठेवीन. मला तो आनंद पटत नाही, पण तो मला झाला, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता पुन्हा फेब्रुवारी आहे आणि घरात पुन्हा तोच विषय. हे म्हणतात, गेल्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झालं, वेटिंगची कटकट नको, गोव्याला जाऊ. लेकाची पाणबुडी अजून सुटलेली नाही. वर्षभर त्यानं विशाखापट्टणमचा नकाशा इतक्या वेळा बघितलाय की मलाही पाठ झालाय. जाणार असाल तर ऐका. रामकृष्ण बीचवर पोरांना पाण्यात सोडू नका. खडक आहेत, ओढ जबर आहे, दरवर्षी माणसं जातात. भिजायचंच असेल तर ऋषिकोंडा बीच बरा, तिथेही जीवरक्षक सांगेल तेवढ्याच पाण्यात. पहाटे उठा, कारण तिकडे समुद्रातून सूर्य उगवतो. आपल्याला तो बुडताना बघायचीच सवय.

सासूबाईंचं एकच. यंदा अक्षय्य तृतीया १९ एप्रिलच्या आसपास येते, तेव्हाच जायचं. मी म्हटलं, मे महिन्यात जाऊ, देव तोच आहे, चंदन लावलेला का असेना. त्या म्हणाल्या, ‘झाकलेलाच बघायचा तर नरसिंहपूर काय वाईट? एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत.’ मी म्हटलं, आई, गेल्या वर्षीचं आठवतंय ना? त्या म्हणाल्या, ‘आठवतंय म्हणूनच म्हणते. यंदा भिंती तरी नीट बघितल्या असतील.’

यावर मला उत्तर सुचलेलं नाही. यंदाच्या परीक्षेचा कागद शाळेनं अजून हातात दिलेला नाही, आणि साठ दिवसांची खिडकी या आठवड्यातच उघडते. हे विचारतायत, चार तिकिटं काढू की पाच. अक्कांनीही यायचं म्हटलंय. मग बॅरल कोण भरणार, ते अजून ठरायचंय.